भारतीय भूमीतील नत्राचा प्रवाह : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रास्ताविक :
हवेत नत्रवायूचे प्रमाण सुमारे ७८ टक्के असले तरी बहुतेक पिकांना तो थेट घेता येत नाही. म्हणूनच द्विदल पिकांच्या मुळांवरील जिवाणू, शेणखत आणि नद्यांचा गाळ यांवर भारतीय शेती शतकानुशतके विसंबून होती. नत्राचा हा प्रवाह राज्यसत्तेच्या धोरणांमुळे कसा बदलत गेला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

नत्राचे निर्गमन :
बिहारमधील नोनिया समाज गावालगतची खारट माती धुऊन सोरा काढीत असे. सोरा म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, बंदुकीच्या दारूचा मुख्य घटक. १७५८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने या सोऱ्याचा मक्ता मिळविला. गुरांच्या व माणसांच्या मलमूत्रातून मातीत साठलेले नत्र त्यामुळे युरोपच्या रणांगणावर खर्ची पडले. पुढे रेल्वेमुळे तेलबिया व हाडे यांची निर्यात वाढली. १८८९ मध्ये भारतात आलेले रसायनतज्ज्ञ जॉन व्होल्कर यांचा अहवाल १८९३ मध्ये प्रसिद्ध झाला. शेतकरी शेण जाळतो ते अज्ञानामुळे नव्हे, तर सरपणाच्या अभावामुळे, हे त्यांनी दाखवून दिले. म्हणजेच जंगलाचा प्रश्न हा खताचाही प्रश्न होता. याच काळात पुणे शहराचे सोनखत आसपासच्या उसाच्या मळ्यांत जात असे. शहराने घेतलेले नत्र शेताला परत मिळण्याचे हे उल्लेखनीय उदाहरण होय.

नत्राचे आगमन :
फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ मध्ये हवेतील नत्रापासून अमोनिया तयार करून दाखविला. कार्ल बॉश यांच्या प्रयत्नांमुळे १९१३ मध्ये जर्मनीत त्याचे औद्योगिक उत्पादन सुरू झाले. स्वतंत्र भारतात सिंद्री येथील सरकारी कारखान्यातून १९५१ मध्ये खतनिर्मितीस प्रारंभ झाला. १९६६ नंतर बुटक्या गव्हाच्या वाणांनी ही मागणी अनेक पटींनी वाढविली. १९५०-५१ मध्ये देशातील नत्रखताचा वापर ६० हजार टनांहून कमी होता. २०२०-२१ मध्ये तो सुमारे २ कोटी टन झाला. अन्नधान्याच्या स्वयंपूर्णतेतील त्याचा वाटा नाकारता येणार नाही.

मात्र १९९२ मध्ये स्फुरद व पालाश खतांवरील नियंत्रण उठले आणि युरिया नियंत्रित दरातच राहिला. परिणामी नत्र, स्फुरद व पालाश यांच्या वापराचे प्रमाण एका वर्षात ५.९ : २.४ : १ वरून ९.५ : ३.२ : १ वर गेले. जमिनीची गरज बदलली नव्हती. बदलली होती ती किंमत.

परिणाम :
दिलेल्या नत्रापैकी निम्म्याहून कमी नत्र पिकास मिळते. उरलेल्याचा काही भाग नायट्रेटरूपाने भूजलात उतरतो. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम असून देशातील अनेक विहिरींनी ती ओलांडली आहे. काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन तापमानवाढीस हातभार लावतो.

निष्कर्ष :
वसाहतकाळात नत्र देशाबाहेर गेले. स्वातंत्र्योत्तर काळात ते कारखान्यांतून अमाप आले. दोन्ही वेळी निर्णय जमिनीच्या गरजेवरून झाला नाही. २०१५ मध्ये युरियाला निंबोळी तेलाचे आवरण सक्तीचे झाले. २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण सभेत नत्र व्यवस्थापनाचा ठराव भारताच्या पुढाकाराने संमत झाला. ही पावले स्वागतार्ह आहेत. परंतु खतांच्या दरातील विषमता दूर होऊन शहरांचे सांडपाणी व शेण पुन्हा शेतीकडे वळल्याखेरीज हा तुटलेला प्रवाह सांधला जाणार नाही, असे म्हणावे लागते.