आजी घरीच बाळंत झाली, मग मी का नाही?

कानात इअरफोन असेल आणि लोकल वाशीच्या पुलावर असेल, तर अगदी वेळेवर भेटतोय आपण. कारण आजच्या गोष्टीत ही खाडीही येणार आहे आणि तिच्यावरचा पूलही.

आजचा प्रश्न असा. समजा, ३६ वा आठवडा लागलाय. घणसोलीतला वन बीएचके, कपाटात सोनोग्राफीची फाइल, हॉस्पिटलमध्ये नाव घातलेलं. रात्री दीड वाजता झोप येत नाही म्हणून मोबाइल उघडला तर समोर एक रील. पाण्याचा टब, मंद दिवे, शांत चेहऱ्याची बाई, छातीवर बाळ. खाली कमेंट: "आपल्या आज्या घरीच बाळंत व्हायच्या की!" आणि मनात येतं, खरंच. मग आपण का नाही?

या विचाराला वेडेपणा म्हणून उडवून लावू नका. त्यामागे खरी भीती असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २५.४ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाली, म्हणजे चारातलं एक. लेबर रूममध्ये नवरा नाही, आई नाही, कोणी ओळखीचं नाही, अशा गोष्टी मैत्रिणींकडून ऐकलेल्या असतात. घर निदान आपलं तरी असतं.

पण "आजी घरी बाळंत झाली" हे वाक्य इतिहासाचं आहे. म्हणून आज तो इतिहासच नीट तपासून बघू.

सातव्या महिन्यातला निर्णय

पहिली गोष्ट: आजीने हा निर्णय नवव्या महिन्यात घेतलाच नव्हता. खरं तर तिने घेतलाच नव्हता. पहिलं बाळंतपण माहेरी, हा रिवाज. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं की लेक माहेरी जायची. बैलगाडी असो, होडी असो की एसटी, नवव्या महिन्यातला प्रवास नको, हा त्यातला साधा हिशेब.

माहेरी काय तयार असायचं? आई, काकू, एखादी अनुभवी शेजारीण. एक बाळंतखोली, बाजेखाली शेगडी, तेल, डिंक, अळीव. आणि मुख्य म्हणजे सुईण. तिने गावातली निम्मी पोरं जन्माला घातलेली असायची. पोटावरून हात फिरवून बाळ आडवं आहे की पायाळू, हे ती सांगू शकायची. कळा द्यायला बाई उकिडवी बसली तर तिला पाठीमागून धरायची. पुढे कित्येक दिवस बाळ-बाळंतिणीला तेल लावायला, न्हाऊमाखू घालायला यायची. गंमत बघा, इतकं मोलाचं काम करणारी ही बाई बऱ्याच गावांत दलित समाजातली असायची, कारण बाळंतपणाचा विटाळ मानला जायचा. जीव तिच्या हातात द्यायचा, पण तिला बसवायचं उंबऱ्याबाहेर!

म्हणजे आजीच्या बाळंतपणात घराच्या भिंतींपेक्षा त्या घरातली माणसं महत्त्वाची होती, आणि ती आधीपासून ठरलेली होती.

जे गोष्टीत येत नाही

आता दुसरी बाजू. बाळंतपण म्हणजे बाईचा दुसरा जन्म, असं आपल्याकडे का म्हणत असतील? कारण पहिला संपण्याची शक्यता खरी होती. ज्या आज्या वाचल्या, त्याच गोष्ट सांगायला उरल्या. ज्या गेल्या, त्यांचे फोटोसुद्धा भिंतीवर नाहीत.

पाचवीची पूजा आणि सटवाई आठवते का? पाचव्या-सहाव्या दिवशी सटवाई येते, बाळाच्या कपाळावर नशीब लिहिते, म्हणून त्या रात्री जागायचं. भीती नेमकी त्याच दिवसांची का? नक्की कारण कोणी सांगू शकणार नाही. पण विळ्याने किंवा हाताशी आलेल्या पात्याने नाळ कापली आणि जंतू आत गेले, तर बाळाला धनुर्वात होतो. त्याची लक्षणं साधारण पहिल्या आठवड्यात, दुसऱ्याच्या सुरुवातीला दिसायला लागतात. बाळ दूध ओढायचं थांबतं, अंग ताठ होतं. हा आजार नाहीसा करायला गरोदर बायकांना टोचलेली लस, स्वच्छ ब्लेड आणि सुईणींना दिलेलं प्रशिक्षण कामी आलं. नवजात बाळांचा धनुर्वात भारतातून हटला, हे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलं ते २०१५ मध्ये. म्हणजे अगदी काल-परवा.

आनंदीबाई जोशींचं नाव सगळ्यांना माहीत असतं. लहानपण आपल्या शेजारच्या कल्याणात गेलेलं. चौदाव्या वर्षी बाळ झालं आणि दहा दिवसांत गेलं. डॉक्टर व्हायचं त्यांनी का ठरवलं, याचं उत्तर त्या दहा दिवसांत आहे. १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला त्या डॉक्टर झाल्या, प्रबंधासाठी विषय घेतला तोही प्रसूतिशास्त्राचाच. पुढच्याच फेब्रुवारीत, बावीस वर्षंही पूर्ण झालेली नसताना, त्या पुण्यात वारल्या. एकही बाळंतीण त्यांच्या हातून इथे सुटली नाही.

आणि मुंबई? १९२१ साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे सुमारे ६६७ बालमृत्यू नोंदले गेले. आकडा पचत नाही ना? तो थोडा फुगलेला होता, आणि कारण पुन्हा आपलं माहेर! गिरणगावातल्या बायका बाळंतपणाला कोकणात जायच्या, जन्म गावी व्हायचा, बाळ घेऊन त्या चाळीत परतायच्या, आणि मृत्यू मात्र मुंबईच्या वहीत लागायचा. तो फुगवटा वजा केला तरी चाळीतल्या एका खोलीतलं चित्र भयंकरच राहतं.

मग हॉस्पिटल सुरक्षित होतं का?

इथे गोष्ट उलटते. त्या काळी हॉस्पिटल घरापेक्षा चांगलं असेलच असं नव्हतं.

व्हिएन्नाच्या मोठ्या प्रसूतिगृहात १८४६ साली दोन वॉर्ड होते. एक डॉक्टर आणि विद्यार्थ्यांचा, दुसरा सुईणींचा. डॉक्टरांच्या वॉर्डात शंभरातल्या अकरा बायका मरायच्या, सुईणींच्या वॉर्डात तीनसुद्धा नाही. इग्नाझ सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरच्या लक्षात आलं की विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच बाळंतिणीकडे येतात. १८४७ मध्ये त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतज्वराचे मृत्यू झपाट्याने खाली आले. तेव्हाच्या बायका हॉस्पिटलला घाबरायच्या, ते उगाच नव्हतं.

आपल्याकडे मुंबईत १८८६ मध्ये कामा हॉस्पिटल सुरू झालं. बायकांसाठी, आणि बायका डॉक्टरांच्या हाती असलेलं. परळचं वाडिया प्रसूतिगृह १९२६ चं. पण तराजू खऱ्या अर्थाने हॉस्पिटलकडे झुकला तो त्यानंतर. १९३० च्या दशकात सल्फाची औषधं आली, मग पेनिसिलिन, मग रक्तपेढ्या, मग सुरक्षित सिझेरियन. हे सगळं एका छपराखाली आल्यावर हॉस्पिटल घरापेक्षा सुरक्षित झालं.

खाडी आणि दोन तास

आता आपल्या गावाकडे येऊ. १७ मार्च १९७० ला सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण या भागातल्या ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबई आखली गेली. आगरी-कोळ्यांची गावं. भातशेती, मिठागरं, मासेमारी. वाशीच्या खाडीवर पहिला पूल झाला १९७३ मध्ये. लोकल वाशीला पोचली १९९२ मध्ये, आणि महापालिकेचा कारभारही त्याच वर्षी सुरू झाला. त्याआधी दिवाळे किंवा सारसोळेत एखादी बाई अडली, तर मुंबईची मोठी हॉस्पिटलं खाडीपलीकडे दिसायला जवळ, पण पोचायला ठाण्याचा वळसा नाहीतर होडी. तेव्हा घर हा निर्णय नव्हता. दुसरा पर्यायच नव्हता.

आणि अंतर इतकं महत्त्वाचं का? बाळंतपणानंतर अंगावरून रक्त जायला लागलं आणि थांबलंच नाही, तर उपचारांशिवाय मृत्यू यायला सरासरी दोन तास लागतात. दोन तास! कोणती बाई त्यातली, हे आधी ओळखता येत नाही. तपासण्या सगळ्या नॉर्मल असलेल्या बाईलाही हे होऊ शकतं.

२००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली, २०११ मध्ये सरकारी रुग्णालयात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, रक्त, नेण्या-आणण्याची गाडी सगळं मोफत करणारी योजना, २०१४ मध्ये महाराष्ट्रात १०८ ची ॲम्ब्युलन्स. दवाखान्यातली बाळंतपणं राज्यात २००५-०६ मध्ये ६४.६ टक्के होती, २०१९-२१ मध्ये ९४.७ टक्के झाली. साधारण त्याच काळात दर लाख जन्मांमागे मातामृत्यू १३० वरून ३३ वर आले. याचं सगळं श्रेय हॉस्पिटलला नाही. मुली शिकल्या, लग्नं उशिरा व्हायला लागली, मुलं कमी झाली, हेही त्यात आहे. पण मोठा वाटा आहेच.

घरात सुरक्षित करता येतं का?

येतं, पण कसं ते बघा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत हा प्रयोग केला. हॉस्पिटल दूर, बाळंतपणं घरीच होणार, मग घरालाच तयार करू. गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवलं. बाळंतपणाला सुईणीसोबत आरोग्यदूत हजर. बाळ रडलं नाही तर श्वास कसा द्यायचा, ऊब कशी ठेवायची, जंतुसंसर्ग कसा ओळखायचा, इंजेक्शन कसं द्यायचं. तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. बाळं वाचली ती शिकलेल्या हातांमुळे.

दुसरं टोक इंग्लंडचं. तिथे घरी बाळंतपण कायदेशीर, सरकारी सेवेतली प्रशिक्षित मिडवाइफ घरी येते, सामान घेऊन. २०११ मध्ये तिथे साधारण ६४,००० कमी जोखमीच्या बाळंतपणांचा अभ्यास झाला. ज्यांना आधी मूल झालं होतं, त्यांच्या बाळांच्या बाबतीत घर आणि हॉस्पिटल यांत फरक दिसला नाही. पण पहिलटकरणींमध्ये बाळाला गंभीर त्रास होण्याचं प्रमाण हॉस्पिटलमध्ये हजारी ५.३ आणि घरी ९.३. शिवाय घरी सुरुवात केलेल्या पहिलटकरणींपैकी ४५ टक्क्यांना मध्येच हॉस्पिटलला न्यावं लागलं. तिथे हे नेणंसुद्धा आखलेलं असतं. कोणी न्यायचं, कुठे न्यायचं, सगळं ठरलेलं. त्या रीलमध्ये टबाच्या मागे उभी असलेली ही यंत्रणा दिसत नाही.

आपल्याकडे? जुनी सुईण गेली. तिच्या जागी येणारी प्रशिक्षित मिडवाइफ अजून नीट आलेली नाही. केंद्र सरकारने त्यांच्या १८ महिन्यांच्या प्रशिक्षणाचं धोरण आणलं ते २०१८ मध्ये, आणि तेही दवाखान्यात काम करण्यासाठी. म्हणजे आज नवी मुंबईत ३६ व्या आठवड्यात "घरीच करू" म्हटलं, तर हातात फक्त घर येतं. आजीची सुईण नाही, इंग्लंडची मिडवाइफही नाही. आणि तिन्हीसांजेला पाम बीचवर, ठाणे-बेलापूर रोडवर ट्रॅफिक किती असतो, ते तुम्हाला मी सांगायला नको.

मग ३६ व्या आठवड्यात काय करायचं?

घर का हवंसं वाटतंय, त्याची यादी करा. बहुतेक वेळा त्यात चार गोष्टी असतात: आपलं माणूस जवळ हवं, हालचाल करू द्यावी, विनाकारण कापाकापी नको, बाळ लगेच छातीशी द्यावं. हे सगळं सुईण देत होती, आणि हे मागण्यात काही चूक नाही. सरकारी रुग्णालयांत कळांच्या वेळी एक बाई सोबत राहू द्यावी, असा केंद्राचा निर्देश २०१६ पासून आहे. वाशीचं महापालिकेचं रुग्णालय असो, तुर्भे-बेलापूरचं माता-बाल रुग्णालय असो की खासगी नर्सिंग होम, आत्ताच जाऊन विचारा: सोबत कोण राहू शकेल? कळांमध्ये चालता येईल का? सिझेरियन कधी करता? रात्री भूलतज्ज्ञ आणि रक्त किती वेळात मिळतं? उत्तर पटलं नाही तर दुसरीकडे जायला अजून वेळ आहे. पण फाइल सोबत हवी.

आणि पहिलं बाळ असेल, आधी सिझेरियन झालं असेल, बीपी वाढलेलं, हिमोग्लोबिन कमी, जुळी, बाळ आडवं किंवा पायाळू, यातलं काहीही असेल तर हा प्रश्न मनात आला तरी आधी डॉक्टरांशी बोला. पॉडकास्टवर विसंबू नका, आमच्यासुद्धा.

तुमची आजी असेल तर आज तिला फोन लावा. कुठे बाळंत झालीस, हे नका विचारू. तेव्हा तुझ्याजवळ कोण कोण होतं, आणि तुझ्याबरोबरच्या कोण गेल्या, ते विचारा. तिचं बोलणं रेकॉर्ड करून ठेवा.

आजच्यापुरतं एवढंच. ज्या मैत्रिणीला सातवा, आठवा, नववा चालू आहे, तिला हा एपिसोड नक्की पाठवा. भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या!