मॅन्युअल डाय-कटिंग मशीन: ना ॲप, ना चार्जिंग, फक्त हँडल फिरवा

कार्ड मेकिंगच्या रील्समध्ये हे छोटं हँडलवालं मशीन तुम्ही पाहिलं असेलच. एका बाजूने प्लेट आत जाते, करकर आवाज होतो आणि दुसऱ्या बाजूने कागदाचं स्वच्छ कापलेलं फूल बाहेर येतं. हेच मॅन्युअल डाय-कटिंग मशीन. सिझिक्स कंपनीचं 'बिग शॉट' हे त्यातलं ओळखीचं नाव.

अनेकजण याला क्रिकटसारखंच समजतात, पण दोन्ही वेगळी आहेत. क्रिकट फोन किंवा कॉम्प्युटरवरून चालतं आणि त्याचं बारीक ब्लेड तुमच्या डिझाइनप्रमाणे फिरतं. इथे ब्लूटूथ नाही, वीजही नाही. आकार मिळतो तो 'डाय'मुळे, म्हणजे धारदार कडांच्या धातूच्या साच्यामुळे. त्यामुळे लाइट गेली तरी काम चालू! पण नवा आकार हवा तर नवा डाय घ्यावा लागतो. मशीन एकदाच घेता, डाय मात्र घेतच राहता. खरा खर्च तिथेच आहे.

हे मशीन काम कसं करतं?

आत दोन रोलर असतात आणि त्यांच्यातलं अंतर ठरलेलं असतं. त्यामधून जाणाऱ्या थरांना 'सँडविच' म्हणतात, आणि सगळा खेळ या सँडविचच्या जाडीचा आहे. जाडी कमी पडली तर दाब बसत नाही, कागद अर्धवट कापला जातो. जास्त झाली तर प्लेट अडकते.

पातळ डाय वापरताना सर्वात खाली प्लॅटफॉर्म, त्यावर कटिंग प्लेट, मग कागद, त्यावर धार खाली करून डाय आणि वर दुसरी कटिंग प्लेट. फोमने झाकलेले जाड स्टील-रूल डाय बिग शॉटमध्ये वापरताना प्लॅटफॉर्म काढून टाकतात, कारण डायच जाड असतो. हे जाड डाय फेल्ट आणि कापडही कापतात. कापायचं नसून फक्त उठावदार नक्षी हवी असेल तर एम्बॉसिंग फोल्डर मिळतात, त्यांचं सँडविच वेगळं. प्रत्येक मशीनचा क्रम वेगळा असतो, म्हणून यूट्यूबवर दुसऱ्या मॉडेलचा व्हिडिओ बघून थर लावू नका. सोबतचं माहितीपत्रक बघा.

हँडल फिरवताना करकर आवाज येणं आणि प्लेटवर डायचे व्रण उठणं नॉर्मल आहे. पण हँडल जाम झालं तर जोर लावू नका, उलटं फिरवून प्लेट बाहेर काढा. जबरदस्ती केली तर मशीनच तुटू शकतं.

एखाद्या कोपऱ्यात कट नीट येत नसेल तर सँडविचमध्ये साध्या कागदाचं एक पान वाढवून बघा, किंवा तेच सँडविच पुढे-मागे दोनदा फिरवा. डाय थोडा तिरका ठेवला तर लांब सरळ कडेवर एकदम दाब येत नाही. बारीक जाळीच्या नक्षीत कागद अडकतो, तेव्हा डाय आणि कागदाच्या मध्ये बटर पेपर ठेवा. डाय सरकत असेल तर हलकी चिकटणारी टेप लावा, सेलोटेपने कागद फाटतो. प्लेट वाकायला लागली की पुढच्या वेळी उलटी करून वापरा.

विकत घेताना आधी तोंडाची रुंदी बघा. बिग शॉटमध्ये साधारण 6 इंच रुंदीचे डाय जातात, बिग शॉट प्लसमध्ये A4 कागद बसतो. आणि कटिंग प्लेट झिजतात, त्या सुट्या मिळतात का हे मशीन घेण्याआधीच विचारून घ्या.