गावाचा जमाखर्च

लक्ष्मीपूजनाच्या रात्री पेढीवर नव्या वहीला हळदकुंकू वाहतात. धंदा तरो वा बुडो, व्यापाऱ्याला आपला जमाखर्च ठाऊक असतो. आपल्याकडील शेतकऱ्याचे तसे नव्हते. त्याच्या देण्याची वही सावकाराच्या घरी, आणि तीही बहुधा त्याला वाचता न येणारी! १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे लोकांनी सावकारांच्या घरांवर चाल केली, ती मुख्यतः कर्जरोखे हाती यावेत म्हणून. सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला. १८७९ साली कायदाही केला. तरी शेतकऱ्याचे घर वर्षभर चालते कशावर, हा साधा प्रश्न मागे उरलाच.

तो विचारला एका रसायनशास्त्रज्ञाने. डॉ. हॅरल्ड मॅन हे आसामातील चहाच्या मळ्यांवर संशोधन करून १९०७ साली पुण्याच्या शेतकी कॉलेजात आले. माती तपासता तपासता त्यांच्या ध्यानात आले असावे, की नुसती माती तपासून भागणार नाही. ती कसणाऱ्यालाही विचारले पाहिजे. त्यांनी पवनाकाठचे पिंपळे सौदागर हे लहानसे गाव निवडले. जमीन किती, पिकते काय, बाहेरची मजुरी किती मिळते, लग्नकार्याला कर्ज किती काढले, व्याज काय पडते, अशी घरोघरची विचारपूस झाली. १९१७ साली त्याचे पुस्तक निघाले.

त्यातील दोन आकडे आजही मनातून जात नाहीत. १७७१ साली या गावात सरासरी धारण चाळीस एकरांची होती. १९१४-१५ पर्यंत ती सात एकरांवर आली. वाटण्या होत होत काही तुकडे पाव एकराहूनही लहान झाले. अशा तुकड्यात औत फिरवायचे कसे आणि विहीर पाडायची कोणी?

दुसरा आकडा घरांचा. एकशे तीन कुटुंबांपैकी केवळ आठ कुटुंबांचे नुसत्या शेतीवर नीट भागत होते. अठ्ठावीस कुटुंबे बाहेरची मजुरी करून तरत होती. उरलेल्या सदुसष्टांच्या घरी तोंडमिळवणी होतच नव्हती. आणि ‘भागणे’ म्हणजे काय, हे डॉक्टरांनी विलायतेच्या मापाने ठरवले नव्हते. गावकऱ्यांनाच जेवढे अन्नवस्त्र जरुरीचे वाटे, तेच माप धरले होते. चैनीचा त्यात प्रश्नच नव्हता.

‘शेतकरी उधळ्या, म्हणून कर्जबाजारी’ असे शहरात बसून म्हणणे सोपे असते. लग्नाचे कर्ज खोटे नव्हते. पण सात एकरांत, तेही तुकड्यातुकड्यांत, संसार बसवायचा म्हटल्यावर पाऊस एकदा चुकला तरी सावकाराचे दार गाठावेच लागे. दोष स्वभावाचा थोडा आणि हिशेबाचा फार, हे त्या विचारपुशीने दाखवले.

पुढे कानिटकर यांच्यासह डॉक्टरांनी जातेगाव बुद्रुकची अशीच पाहणी केली. ती १९२१ साली प्रसिद्ध झाली.

आज पिंपळे सौदागर पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत आहे. औत चालत होते तेथे उंच इमारती उभ्या आहेत, आणि पाव एकराची किंमत ऐकून त्या सदुसष्ट घरांतले कोणी खरेही मानले नसते. तेव्हा वाचकहो, यंदा फराळाला बसाल तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना एवढेच विचारा: त्या काळी आपले भागत होते कशावर? उत्तर देणारी माणसे आहेत तोवरच ही वही उघडी आहे.