विळा आणि विळी

राजांचा इतिहास ताम्रपटांत सापडतो. कारागिरांचा इतिहास बहुधा शब्दांत शोधावा लागतो. विळा आणि विळी ही जोडी या दृष्टीने विचारार्ह आहे.

मराठीत आकारान्त पुल्लिंगी नाम ईकारान्त स्त्रीलिंगी झाले की वस्तू सामान्यतः लहान होते. सुरा-सुरी, हातोडा-हातोडी यांत आकार बदलला तरी काम तेच राहते. विळी मात्र धाकटा विळा नव्हे. विळ्याला लाकडी मूठ असते. तो हाती धरून उभ्या पिकावर वा गवतावर चालवावयाचा. विळीचे पाते पाटात ठोकलेले असते. पाट पायाखाली दाबून भाजी दोन्ही हातांनी पात्यावर रेटावयाची. एकात हत्यार चालते व वस्तू स्थिर राहते. दुसऱ्यात हत्यार स्थिर राहून वस्तू चालते.

मग 'विळ्याभोपळ्याचे सख्य' कसे? भोपळा तर घरोघर विळीवर चिरीत आले! विळीचे रूप 'विळीचे' असे होते. 'विळ्या' हे येथे पुल्लिंगी विळ्याचेच सामान्यरूप होय. यावरून आमचे अनुमान असे की, वक्र पात्याला पूर्वी सरसकट विळा म्हणत असावेत. ते पाटावर चढले, तेव्हा त्यास निराळे नाव मिळाले.

हा पाट आपल्या समाजास विशेष अभिमानाचा आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गांव-गाडा' ग्रंथात बलुतेदारीचे सविस्तर वर्णन केले. त्या व्यवस्थेत लोहार कुणब्याच्या विळ्या-खुरप्यांस धार लावून देई आणि सुगीस धान्य घेई. विळा बहुतांशी लोहाराचा. विळीस मात्र लोहाराचे पाते आणि सुताराचा पाट असे दोघांचे हात लागत. आपल्या विश्वकर्मीय समाजातील दोन धंद्यांचा हा संसार एका स्त्रीलिंगी शब्दात सामावला आहे.

आता स्वयंपाक ओट्यावर उभ्याने होतो, हाती सुरी आली आणि पुष्कळ घरांतून विळी अडगळीत गेली. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात हे दोन्ही शब्द टिकून राहतील. परंतु पात्यास बाक किती द्यावा, पाणी कसे पाजावे, पाटाला कोणते लाकूड घ्यावे, हे ज्ञान कोशात मावणारे नाही. ते वृद्ध कारागिरांच्या हातांत आहे. ज्ञातिबांधवांनी आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांकडून ते आजच लिहून घ्यावे. हात गेल्यावर नुसता शब्द उरतो, आणि अशा शब्दाचा अर्थ पुढे कोणास विचारावयाचा?