महजराच्या तळची निशाणी

मराठेशाहींतील महजर चाळतांना आपल्यापैकीं पुष्कळ जण मजकुरांतील नांवें व मित्या टिपून घेतात आणि तळच्या निशाण्या नकलेंतून गाळतात. आमच्या मतें तत्कालीन न्यायाचें मर्म त्या निशाण्यांतच आहे. पाटील नांगर काढी, बलुतेदार आपल्या धंद्याचें हत्यार काढी. कारण गोतसभेपुढें माणूस उभा राही तो एकटा नव्हे, वतन व कूळ पाठीशीं घेऊन. साक्षीच्या वेळीं त्यास पूर्वजांचें स्मरण देत. वाळीत टाकणें ही जबर शिक्षा ठरे. पुढें प्रायश्चित्त घेऊन गोतास जेवण दिलें कीं अपराधी पुन्हां पंक्तीस बसे. मात्र याच दृष्टीमुळें जात पाहून शिक्षा कमीअधिक होई, आणि निरपराध मुलांबाळांसही भोगावें लागे.

१८२७ च्या एल्फिन्स्टन-संहितेनंतर मुंबई इलाख्यांतील सरकारी अदालती गुन्ह्याचा जाब एकट्या अपराध्यास विचारूं लागल्या. तरीही महाराष्ट्रास सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा करावा लागला. कायदा पालटतो, ‘मी कोणाचा’ या प्रश्नाचें उत्तर मात्र मनांत टिकून राहतें. तेंच उत्तर महजराच्या तळाशीं चित्ररूपानें उमटलें आहे. संग्राहकांनीं नक्कल करतांना एकही निशाणी गाळूं नये, इतकीच आमची विनंती.