बिनकामाची हजेरीवही

जुन्या दप्तरांत हजेरीपट पुष्कळ आढळतात. जो हजर त्यास वेतन, हा त्यांचा सरळ न्याय. परंतु ज्या दिवशीं काम नव्हतें त्याच दिवसाची हजेरी लिहून ठेवणारी वही आम्हीं प्रथमच पाहिली, ती ठाण्यांत एका रद्दीवाल्याच्या दुकानीं. वागळे इस्टेटींतील एका बंद पडलेल्या कारखान्याची ती होती. पानोपानीं तारीख, व तिच्याखालीं कामगारांच्या सह्या व अंगठे. केलेल्या कामाविषयीं मात्र एक अक्षरहि नाहीं. आम्हीं ती पगाराची वही समजून बाजूस सारली होती, हा प्रमाद येथें कबूल केला पाहिजे.

हिचें मूळ १९४७ च्या औद्योगिक विवाद अधिनियमांत १९५३ सालीं घातलेल्या ले-ऑफच्या प्रकरणांत आहे. कोळसा, वीज वा कच्चा माल नसल्यामुळें मालकास काम देतां आलें नाहीं, तर वर्षभर सलग नोकरी झालेल्या कामगारास मूळ पगार व महागाई भत्ता यांच्या निम्मी भरपाई मिळे. पण आपण कामास सिद्ध आहों हें त्यानें दाखवावयाचें. नेमल्या वेळीं, दिवसांतून निदान एकदां, त्यानें कारखान्यावर यावें. दोन तासांत काम न मिळाल्यास तो दिवस ले-ऑफचा. न आल्यास भरपाई नाहीं. म्हणजे डोंबिवलीस राहणाऱ्यानें केवळ सहीपुरता आगगाडीचा खर्च सोसावयाचा! ही हजेरी घेण्यासाठीं वही ठेवण्याचें कर्तव्य त्याच प्रकरणानें मालकावर टाकलें होतें.

याज्ञवल्क्यानें लेख, भोग व साक्षी हीं प्रमाणें सांगितलीं आहेत. येथें लेख वादीच्या हातचा, पण ताबा प्रतिवादीचा. कारखान्यास कुलूप लागलें कीं प्रमाणहि कुलुपांत. साक्षी उरले ते रांगेंत शेजारीं उभे असलेले, म्हणजे तेहि वादीच.

पन्नासांहून कमी कामगारांच्या कारखान्यांस हें प्रकरण लागूच नव्हतें, आणि वर्ष न भरलेला बदली कामगारहि त्याबाहेर होता. वस्तुतः दारावर रोज उभें राहण्याची रीत बदलीवाल्यांचीच जुनी. मुंबईच्या गिरण्यांत १९३५ पासून महिन्याच्या पहिल्या तारखेस निवडक लोकांस बदली-कार्ड देत व त्यांनीं रोज सकाळीं गिरणीवर यावें असा नियम असे. काम न मिळाल्यास मात्र हात हलवीत परत.

शहापूर-मुरबाडकडील मजुरांच्या बाबतींत व्यवस्था निराळी झाली. १९७७ च्या महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियमानें काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत तें न मिळाल्यास बेकारी भत्ता ठरविला. आणि २००५ च्या केंद्रीय कायद्यानें मागणीअर्जाची तारखेसह पोचपावती मजुराच्या हातीं देण्यास सांगितलें. येथें प्रमाण वादीपाशींच राहतें. तो कपटा जपणें हें त्याच्या छपराच्या व पावसाच्या हातीं, ही गोष्ट वेगळी. संग्राहकांनीं अशा पावत्या क्षुल्लक मानून टाकूं नयेत.

आमच्या वहींतील एक अंगठा कांहीं पानें रोज येतो व मग एकाएकीं थांबतो. त्यास काम मिळालें, कीं तो आजारी पडला, कीं भाड्याचे पैसे संपले, हें वही सांगत नाहीं. ती रद्दीवाल्यानें वजनावर दिली. पहिलीं अकरा पानें गहाळ आहेत.