फॉर्ममध्ये नसलेली चौकट

खांदा कॉलनीतला माणूस सकाळी कामाला निघतो तेव्हा तो एक निवड करत असतो. खांदेश्वर स्टेशनावरून हार्बरची लोकल, बस, शेअर रिक्षा, नाहीतर स्वतःची दुचाकी. सवयीने आपल्याला ती निवड वाटतही नाही. पण रेल्वे कुठून न्यायची, पूल केवढा बांधायचा हे ठरवणाऱ्यांना ती आधीच ओळखावी लागते. ती ओळखायची कशी, याचा इतिहास ऐकण्यासारखा आहे.

१९२७ साली शिकागोचे मानसशास्त्रज्ञ लुई थर्स्टन यांनी एक साधी गोष्ट मांडली. दोन वस्तूंची तुलना करताना माणसाच्या मनातला तराजू दर वेळी थोडा हलतो. त्यामुळे तो काय निवडेल हे छातीठोकपणे सांगता येत नाही; निवडण्याची शक्यता किती, एवढेच सांगता येते.

या धाग्यावरून पुढे गेलेले अर्थशास्त्रज्ञ म्हणजे डॅनियल मॅकफॅडन. १९७२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात ‘बार्ट’ ही नवी रेल्वे सुरू झाली. ती सुरू होण्याआधी त्यांच्या गटाने ७७१ नोकरदारांना विचारले, तुम्ही कामावर कसे जाता? वेळ किती, पैसे किती, चालावे किती लागते, थांबावे किती लागते? प्रत्येक पर्यायाला या गोष्टींचे गुण द्यायचे, मनातले जे कळत नाही ते शक्यतेच्या खात्यात टाकायचे, आणि हिशेब करायचा. सरकारी अंदाज होता की कामावर जाणाऱ्यांच्या फेऱ्यांपैकी १५ टक्के बार्टकडे येतील. मॅकफॅडन यांचे उत्तर आले ६.३ टक्के. प्रत्यक्षात आकडा निघाला ६.२. पुढे २००० साली त्यांना जेम्स हेकमन यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

या हिशेबालाही एक खोच होती. समजा, स्टेशनला जायला निम्मे लोक बसने आणि निम्मे रिक्षाने जातात. आता अर्ध्या बस लाल ठेवून अर्ध्या निळ्या रंगवल्या. जुने सूत्र म्हणे, आता पर्याय तीन झाले, तेव्हा प्रत्येकाला एक तृतीयांश. म्हणजे रंगाच्या डब्याने रिक्षावाल्याचे गिऱ्हाईक तोडले! पर्यायांची यादी कशी मांडली यावर उत्तर ठरते, हे यातून अभ्यासकांना कळले.

जे अजून बाजारातच नाही त्याबद्दलही विचारता येते. १९९७ मध्ये बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाबद्दल असा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. उद्यान राखण्यासाठी तुम्ही किती द्याल, असे मुंबईकरांना विचारले होते. सरासरी उत्तर आले, घरटी महिन्याला साडेसात रुपये, पाच वर्षे. सगळ्या शहराचे मिळून ते सुमारे १०३ कोटी रुपये झाले. तेव्हा उद्यानाचा खर्च होता १ कोटी ७० लाख. बिबट्याच्या जंगलाला मतपेटी नसते, पण या प्रश्नाने त्याचे मोल सांगितले.

घर कुठे घ्यायचे, या निवडीवरही मॅकफॅडन यांनी १९७८ मध्ये निबंध लिहिला. आणि इथे मला थोडे घरचे सांगायचे आहे.

काही वर्षांपूर्वी एक मुलगी सर्वेक्षणाचा फॉर्म घेऊन आमच्या दारी आली. “काका, तुम्ही ही कॉलनी का निवडली?” पुढे चौकटी होत्या : भाडे परवडते, स्टेशन जवळ, शाळा जवळ, नातेवाईक जवळ. पहिल्या दोन्ही खोट्या नव्हत्या. पण इथे येण्याआधी आम्ही आणखी तीन ठिकाणी घरे पाहिली होती. घर पसंत, भाडे कबूल, मग नाव विचारले जाई, आणि दुसऱ्या दिवशी निरोप येई की घर भाच्याला द्यायचे ठरले. इथल्या घरमालकांनी नाव विचारले आणि मग चहा घेणार का विचारले. म्हणून आम्ही इथे राहिलो. मी त्या मुलीला म्हटले, “बेटा, ‘मिळाले म्हणून’ अशी चौकट आहे का?” तिने फॉर्म उलटसुलट पाहिला. “‘इतर’मध्ये लिहू?” ‘इतर’च्या पुढे बोटभर जागा होती.

आता हिशेब काय होईल पाहा. सूत्र म्हणेल, या गृहस्थांना ती तीन ठिकाणे आवडली नाहीत. नकार त्यांनी दिला. नोंद मात्र माझ्या नावडीची होईल.

अभ्यासकांना हे अगदीच ठाऊक नव्हते असे नाही. १९७७ मध्येच चार्ल्स मॅन्स्की यांनी सांगितले होते की निवडीच्या दोन पायऱ्या असतात. आधी माणसापुढे खरोखर कोणते पर्याय होते, आणि मग त्यांतून त्याने काय घेतले. आपल्या अमरावती जिल्ह्याचे अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तर पहिल्याच पायरीची तपासणी केली. दिल्ली आणि आसपासच्या शहरांत, वेगवेगळ्या नावांनी भाड्याचे घर मागून त्यांनी पाहिले. दलित आणि मुसलमान नावांना नकार अधिक येतात, हे २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दिसले.

हा प्रश्न केवळ नावाचा नाही. जिना चढता येत नाही म्हणून लोकल सोडणारी आजी, अंधाऱ्या रस्त्यामुळे रिक्षाला पैसे घालणारी नर्स, यांनाही फॉर्म ‘रिक्षा पसंत’ असेच लिहून घेतो. मग पुढच्या आराखड्यात रिक्षातळ वाढतो. दिवा आणि सरकता जिना मात्र येत नाही, कारण ते कुणी मागितल्याची नोंदच नसते.

पनवेलच्या भोवती आता बरेच बदलले आहे. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, डिसेंबर २०२५ मध्ये नव्या विमानतळावरून विमाने उडू लागली. पुन्हा फॉर्म येतील, आणि ते यावेत. फक्त ‘तुम्ही काय निवडले?’च्या वर एक ओळ छापलेली असावी : ‘तुम्हाला काय काय निवडता आले असते?’ आणि तिच्यापुढे बोटभरापेक्षा थोडी जास्त जागा सोडावी.